सहाव्या नंबरचा दगड

पाट्या रंगवणाऱ्याने पाटीवर लिहिलेलं सगळं स्वतः पाहिलेलं असतं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. चाळीस वर्षांत मी दातांच्या दवाखान्यांच्या अठरा पाट्या केल्या आणि माझ्या स्वतःच्या तोंडात तीन दाढा नाहीत. पोहण्याच्या तलावावरची ‘पाणी खोल आहे’ ही पाटी माझीच, आणि मला पोहता येत नाही. तेव्हा डोंगरावरच्या दगडांची पाटी मी डोंगर न चढता लिहिली, यात काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. चुकलं ते नंतर.

आमच्यापासून तासाभरावर एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या धारेवर वाऱ्याने आणि पाण्याने कोरलेले चमत्कारिक दगड आहेत आणि लोकांनी त्यांना नावं दिलेली आहेत. एकतीस वर्षांपूर्वी वन खात्याच्या साहेबांचा मला फोन आला, की पायथ्याशी लावायला पाटी हवी, सहा दगड आहेत, सहा ओळी धरा, यादी पाठवतो. मी पत्रा घासला, अस्तराचे दोन हात दिले, खडूच्या दोरीने सहा ओळी मारल्या. मग यादी आली. तीत नावं पाच. फोन लावला तर साहेब रजेवर, आणि पाटी न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला.

बाहेरच्या माणसाला यातली अडचण कळायची नाही. तो म्हणेल, राहिली एक ओळ रिकामी तर राहिली. पण पाटीवाल्याला ती राहू देता येत नाही. सहा ओळींच्या हिशेबाने अक्षरांची उंची ठरलेली असते, वरखालचं अंतर ठरलेलं असतं. खालची ओळ सुटली की पाटी दात पडलेल्या तोंडासारखी दिसते, आणि येणारा जाणारा म्हणतो, पेंटर अर्धवट होता. पुन्हा अस्तर देऊन पाच ओळी मारायच्या तर दोन दिवसांचं काम. मी पाच नावं लिहिली. सहाव्या ओळीला डोक्यात जे होतं ते लिहिलं: ‘६. रुसलेली’. तेवढ्यात खात्याने दिलेला निळा रंग संपला, म्हणून ही एक ओळ माझ्या डब्यातल्या काळ्या रंगाने केली. पाटी छान दिसत होती.

त्याच सुमारास मी एका औषधांच्या दुकानाची पाटी केली होती आणि तिच्यावरचा बाण उलट्या दिशेने काढला होता. चार दिवस तापाची माणसं शेजारच्या चपलांच्या दुकानात जाऊन बाकावर बसत होती. औषधांच्या दुकानात काउंटरवर जी मुलगी होती तिने मला त्यावरून असं काही फैलावर घेतलं, की मी बाण फुकट दुरुस्त करून दिला आणि नंतर दर दोन दिवसांनी डोकेदुखीची गोळी घ्यायला जाऊ लागलो. महिन्याभराने कळलं, की तिच्या घरी बँकेतल्या एका कॅशियरचं स्थळ आलंय. माझं धाबं दणाणलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी तिला म्हणालो, “त्या डोंगरावर पाठ फिरवून बसलेल्या बाईसारखा एक दगड आहे. चार तास चढून गेलो, पाहिला, आणि हुबेहूब तू. म्हणून पाटीवर तुला लिहून आलो. विश्वास नसेल तर जाऊन वाच.”

ती गेली. पायथ्यापर्यंत बस जात होती. तिने पाटी वाचली आणि संध्याकाळी बसने परत आली. कॅशियरला नकार कळवताना ती मैत्रिणीला म्हणाली, “हा माणूस माझ्यासाठी डोंगर चढला. तो काय चढला? बँकेची पायरी?”

असं आमचं लग्न झालं. तेव्हापासून त्या दगडाने मला किती वेळा वाचवलंय याची मोजदाद नाही. मी लग्नाचा वाढदिवस विसरलो, सासऱ्यांच्या नव्या गेटवर त्यांचंच आडनाव चुकवलं, एकदा रंगाचा डबा तिच्या लोकरीच्या स्वेटरवर उपडा केला. दर वेळी ती तासभर धुमसायची आणि मग म्हणायची, “जाऊ दे. त्या दगडाकडे बघून सोडते.” लेकीला तिने झोपवताना ही गोष्ट इतक्यांदा सांगितली, की तिसरीत असताना लेकीने ‘माझे बाबा’ या निबंधात मला गिर्यारोहक करून टाकलं. मी काही दुरुस्त केलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय डोंगर दुरूनच साजरे असतात, आणि माझी बायको महिन्याचे तीस दिवस काउंटरवर उभी असायची. ती वर कधी जाणार?

तेहतीस वर्षं काउंटरवर काढून ती या वर्षी निवृत्त झाली. मालकाने विचारलं, निरोपाला काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ वगैरे मागेल असं मला वाटलं. तिने डोंगर चढायचे बूट मागितले. घरी आल्यावर खोका माझ्यासमोर उघडला आणि म्हणाली, “येत्या रविवारी माझा दगड बघायला जायचं.”

मी म्हणालो, माझा गुडघा दुखतो. तिने विचारलं, कुठला? मी डावा म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी चुकून उजव्या पायाने लंगडलो. तेहतीस वर्षं औषधं विकलेली बाई, तिने दोन्ही गुडघ्यांना मलम लावलं. मी म्हणालो, तिकडे दरडी कोसळतात. ती म्हणाली, “एकतीस वर्षांपूर्वी कोसळत नव्हत्या?” मी म्हणालो, आपल्याकडे गाडी नाही. तेव्हा आमचे जावई म्हणाले, “आई, मी नेतो ना.”

जावयांबद्दल मला तक्रार करायची नाही. माणूस सोन्यासारखा आहे. फक्त तो एका मोठ्या गोदामात माल तपासनीस आहे. कागदावर जेवढे नग लिहिलेत तेवढे फळीवर आहेत की नाहीत, हे बघणं त्याचं काम. ते काम तो घरीही आणतो. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा निघताना म्हणाला, “बाबा, तुमच्याकडे चमचे अकरा आहेत.” बारावा आम्ही दोन वर्षं शोधत होतो. लेक दवाखान्यात नर्स आहे आणि त्या रविवारी तिची ड्यूटी होती, त्यामुळे माझी बाजू घेणारं गाडीत कोणी नव्हतं.

पायथ्याशी उतरलो आणि समोर माझी पाटी. इतक्या वर्षांत मी ती लावलेली पाहिली नव्हती. आजकाल छापील कापडाचे फलक दोन पावसात फाटतात. माझा पत्रा ताठ उभा होता. पण ऊर भरून येण्याआधीच माझं लक्ष अक्षरांकडे गेलं. खात्याचा निळा रंग उन्हाने पार उडाला होता. पाच खऱ्या नावांच्या जागी नुसते डाग उरले होते आणि खाली काळंभोर, ठसठशीत, कालच लिहिल्यासारखं ‘६. रुसलेली’.

बायकोने त्या ओळीवरून हात फिरवला. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या वनरक्षकाला म्हणाली, “ही मी. हे माझे मिस्टर, यांनीच लिहिलीय. वर जाऊन, बघून.”

वनरक्षक उठून उभा राहिला. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की मला घाम फुटला. “बरं झालं साहेब, तुम्ही आलात,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं लोक माझं डोकं खातात. पाच सापडतात, सहावी कुठेय? आमच्या एका साहेबांनी अहवाल दिला, की ती फक्त सकाळी दिसते. दुसऱ्यांनी दिला, की फक्त संध्याकाळी. मी आपला कुठल्यातरी दगडाकडे बोट दाखवतो. आज एकदाचा निकाल लागेल.”

“लागेल,” मी म्हणालो.

जावयाने तोवर वनरक्षकाकडून पाच नावं विचारून पुठ्ठ्याला लावलेल्या कागदावर उतरवली होती. हत्ती, भांडणाऱ्या जावा, उपडी कढई, न्हावी, दार. सहावं पाटीवरून. प्रत्येकासमोर त्याने एक रिकामा चौकोन काढला.

चढताना बायको पुढे, जावई मधे आणि मी मागे. ती आयुष्यभर उभी राहिलेली, तिच्या पायांना सवय. मी शिडीवर चढणारा माणूस, आणि शिडी फार तर पंधरा फुटांची असते. पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या नाकी नऊ आले. मी मधेच थांबून देखावा बघत असल्याचं सोंग करायचो. बायको वरून हाक मारायची, “अहो, तेव्हा तुम्ही एकटे कसे हो आलात?” मी म्हणायचो, “तरुण होतो.” यात तरी खोटं नव्हतं.

अडीच तासांनी धारेवर पोचलो. आता दगडांबद्दल खरं ते सांगतो, ते बघण्यासारखे आहेत. हत्ती एका बाजूने इतका हत्ती आहे, की हात लावायला भीती वाटते. दुसऱ्या बाजूने तो सोफा आहे. जावा म्हणजे दोन उंच दगड, मधे वीतभर फट, आणि दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना. बायको त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. “डावीकडची थोरली,” ती म्हणाली. “उभं राहण्यावरूनच कळतं. धाकटीने न विचारता माहेरी काहीतरी पाठवलंय.” न्हावी हा उंच वाकलेला दगड, समोर बुटका दगड मान खाली घालून बसलेला. कढई कढईसारखी. दार म्हणजे दगडाची कमान, तिच्यातून पलीकडे जाता येतं.

जावई एकेक बघत होता आणि खूण करत होता. “हत्ती, एक नग. सोंडेला तडा. जावा, दोन नग, एक जोडी धरतो. कढई, चांगल्या स्थितीत.” पुढे धार संपत होती. तो टोकापर्यंत जाऊन परत आला. “बाबा,” तो म्हणाला, “एक नग कमी आहे.”

आता माझी वेळ आली होती. खोटं बोलावं पण रेटून बोलावं. समोर एक गोलसर दगड होता, त्याच्याकडे मी हात केला. “ही काय. हीच ती.”

बायकोने त्याला एक फेरी मारली. “हिला पाठ कुठेय? नुसतं पोट आहे.”

“इकडून बघायचं नसतं. हां, ही नव्हे, ती पलीकडची.”

“तो रेडा आहे,” बायको म्हणाली.

“झिजली असेल गं. एकतीस वर्षं म्हणजे थोडीथोडकी नाहीत.”

“दगड झिजायला हजारो वर्षं लागतात,” जावई म्हणाला. “खाली वनरक्षकाने दिलेल्या पत्रकात आहे.”

“मग वीज पडली असेल.”

“मग तुकडे कुठेत?” तो भांडत नव्हता, त्याला खरोखर तुकडे हवे होते. “बाबा, आपण पद्धतशीर शोधू. तुम्ही उभे कुठे होता? किती वाजले होते? ऊन कुठल्या बाजूने येत होतं?”

मी म्हणालो, संध्याकाळ होती, मी दारापाशी होतो आणि समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. जावयाने दारापाशी उभं राहून समोर पाहिलं, मग आकाशाकडे, मग घड्याळाकडे. ती पूर्व होती. त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन, बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “बाबा, माल आलाच नव्हता का?”

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

“आमच्याकडे होतं असं,” तो म्हणाला. “कागदावर चढतो, गोदामात आलेलाच नसतो. मग वर्षानुवर्षं सगळे शोधत राहतात. जो चढवतो त्याने वेळीच सांगितलेलं बरं असतं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मग शोधणारा माणूस थकतो,” जावई म्हणाला.

मी बायकोकडे पाहिलं. ती एकेका दगडाजवळ जात होती, त्याच्याकडे पाठ करून त्याच्यासारखी बसून बघत होती, आणि मान हलवून पुढच्या दगडाकडे जात होती. मला सुरुवातीला हसू आलं. मग ते विरलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई नवे बूट घालून स्वतःला शोधत फिरत होती आणि मी एका दगडाला टेकून उभा होतो. एका ठिकाणी तिचा पाय घसरला, तळहात खरचटला. तिने तो शालीला पुसला आणि म्हणाली, “वर नाहीये ना, मग कड्याच्या खालच्या अंगाला असेल. वाकून बघते.”

ती कड्याकडे निघाली. लाज, अब्रू, बँकेचा कॅशियर, सगळं विसरलो.

“अगं, थांब,” मी म्हणालो. “तिकडे काही नाही. कुठेच काही नाही. मी इथे आयुष्यात आज पहिल्यांदा आलोय.”

ती थांबली. कड्यापासून चार पावलं अलीकडे. “पहिल्यांदा,” ती म्हणाली.

“हो.”

“चार तास चढलात म्हणाला होतात.”

“अंदाज केला होता.”

“अडीचच लागले तेव्हाच मला वाटलं होतं,” ती म्हणाली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वळली, पन्नासएक पावलांवरच्या एका उंच खडकावर चढली, वारा होता म्हणून राखी शाल डोक्यावरून घेतली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. मी तिच्या मागे जायला निघालो तर जावयाने माझी बाही धरली. “आत्ता नको,” तो म्हणाला. मी हत्तीच्या सोफ्याच्या बाजूला जाऊन बसलो. मला वाटत होतं, एकतीस वर्षांच्या संसारातला एकच चांगला वासा होता, तो मी हाताने काढला.

तेवढ्यात दारातून माणसांचे आवाज आले. पाच-सहा जण होते, एकाच ऑफिसातून निवृत्त झालेले असावेत, कारण अजूनही एक जण पुढे चालत होता आणि बाकीचे त्याच्या मागे. पुढच्याच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. सगळ्यांच्या हातात पत्रक. दाराबाहेर पाऊल टाकलं आणि टोपीवाले जागच्या जागी थबकले.

“ती बघा,” ते हळू आवाजात म्हणाले. “सहावी.”

सगळे थबकले. खडकावर माझी बायको, राखी शालीत, पाठमोरी, मान जरा डावीकडे कललेली. दुरून खरंच खडक कुठे संपतो आणि ती कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. लोकांनी फोन काढले.

“ही माझी चौथी खेप,” टोपीवाले जावयाला सांगू लागले. “पहिल्यांदा आलो तेव्हा मिसेस बरोबर होत्या. त्यांना फार बघायची होती. तेव्हा नाही दिसली. मग त्या गेल्या. नंतर दोनदा एकटा आलो. आज दिसली.” त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

वारा आमच्याकडून तिच्याकडे वाहत होता, तेव्हा हे सगळं तिला ऐकू गेलं. मला कसं कळलं? तिने नाक पुसायला हात वर घेतला होता, तो अर्ध्यातून हळूहळू, दिसणार नाही असा, खाली नेला. तेहतीस वर्षं काउंटरवर काढलेली बाई. इतक्या लांबून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणून परत पाठवणं तिच्या रक्तात नाही. ती तशीच बसून राहिली.

“वरचं शेवाळ हलतंय बघा,” एक जण म्हणाला.

“इथे वारा फार,” मी म्हणालो.

“यादीत आहे ना ही?” टोपीवाल्यांनी जावयाच्या हातातल्या कागदाकडे बघून विचारलं. हा माणूस चमच्याबद्दलसुद्धा खोटं बोलू शकत नाही. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. “तपासणी चालू आहे,” शेवटी म्हणाला.

मग त्यांच्यातल्या एकाला जवळ जाऊन हात लावावासा वाटला. तो दहा पावलं पुढे गेला, तेव्हा मी आडवा झालो. “पुढे जाऊ नका. भेगा पडल्यात, कडा तुटायच्या बेतात आहे.” थोड्या वेळापूर्वीच मी खोटं बोलणं सोडलं होतं, पण म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तो मागे फिरला. तिचे खांदे हलताना मला दिसले. ती हसतेय की रडतेय ते पाठीवरून कळेना, आणि इतक्या वर्षांत हे मला कळायला हवं होतं असं वाटून मला स्वतःचाच राग आला.

ते लोक चांगली दहा मिनिटं थांबले. त्यांनी संत्री सोलून खाल्ली, आम्हालाही दिली. जाताना टोपीवाल्यांनी मागे वळून पुन्हा एकदा पाहिलं आणि मग टोपी डोक्यावर ठेवली.

मी खडकापाशी गेलो.

“गेले?” तिने न वळता विचारलं.

“गेले.”

“माझा डावा पाय मेलाय. मुंग्या आल्यात.”

मी हात पुढे केला. “हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “आधी सांगा. दगड नव्हता. मग ते नाव कुठून आलं? कोण होती ती?”

मला कळेना. “कोण?”

“रुसलेली. पाटी आपलं जमायच्या आधीची आहे. मला महिन्याने सांगितलंत. म्हणजे कुणीतरी दुसरीच रुसली होती, तिचं नाव लिहिलंत, आणि नंतर मला चिकटवलंत. एकतीस वर्षं मी दुसरीच्या नावावर जगतेय. कोण होती?”

आता याला काय म्हणावं? मी लबाड आहे, आळशी आहे, पण हे माझ्या डोक्यातसुद्धा कधी आलं नव्हतं. मी खडकाच्या खालच्या पायरीवर बसलो, कारण उभं राहून सांगण्यासारखं ते नव्हतं.

“पाटी लिहिली त्या दिवशी दुपारी मी दुकानात आलो होतो,” मी म्हणालो. “बाणाची भानगड झाली तो दिवस. तू मला झाडलंस आणि मी काहीतरी पाचकळ विनोद केला. मग तू पाठ फिरवलीस आणि फळीपाशी उभी राहून गोळ्यांच्या पुड्या बांधायला लागलीस. केसांना औषधांच्या खोक्याचं रबर लावलेलं होतं. कानामागे पेन. डावा खांदा थोडा वर होता, रागावलीस की होतो तुझा. मी काउंटरपाशी वीस मिनिटं उभा होतो. तू तेवीस पुड्या बांधल्यास आणि एकदाही वळली नाहीस. मग मी घरी गेलो. पाटीची एक ओळ रिकामी होती आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.”

तिने डोक्यावरची शाल खांद्यावर घेतली.

“दगड मी नंतर जोडला,” मी म्हणालो. “पाठ बघत उभा होतो हे सांगायची लाज वाटली. दगड म्हटलं की बरं वाटतं.”

“कुणाला बरं वाटतं?”

“मला वाटलं, तुला.”

ती आता वळली. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर जो राग होता तो माझ्या ओळखीचा होता, आणि मला इतकं हायसं वाटलं की मीच रडलो असतो. “एक नंबरचे मूर्ख आहात,” ती म्हणाली. “मी दगडासारखी दिसते, हे तुम्ही मला एकतीस वर्षं सांगितलंत. आणि हे होतं ते सांगितलं नाहीत. यातलं चांगलं कुठलं, एवढी अक्कल नव्हती?”

“नव्हती,” मी म्हणालो.

“पुड्या तेवीस नव्हत्या. पंचवीसचा गठ्ठा असायचा.”

“तेवीस होत्या. मी मोजल्या होत्या.”

तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग हात पुढे केला. मी ओढायला गेलो, तिचा मेलेला पाय खाली टेकलाच नाही, आणि आम्ही दोघंही खडकाच्या पायथ्याशी एकावर एक येऊन पडलो. जावई धावत आला. “काही नग फुटला का?” त्याने विचारलं. विनोद करायची त्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण तो स्वतःच दचकला.

उतरताना बायको म्हणाली, “सगळं माफ झालं असं समजू नका. पिशव्या तुम्ही घ्या. दोन्ही.” मी दोन्ही घेतल्या. पाण्याच्या बाटल्या अजून भरलेल्याच होत्या.

अर्ध्या वाटेवर फोनला रेंज आली आणि लगेच लेकीचा फोन वाजला. बायकोने तो मोठ्या आवाजावर लावला. मागे दवाखान्याच्या घंटा वाजत होत्या. “आई, पोचलात का? दिसली का गं तुझी रुसलेली?” लेकीने विचारलं. “बाबांनी दाखवली का?”

जावयाने कागद छातीशी धरला आणि तो माझ्याकडे बघू लागला. मी पिशव्यांकडे बघू लागलो.

“मला कशी दिसेल?” बायको म्हणाली. “ती तुझ्या बाबांनाच दिसली होती.”

“काय? नीट ऐकू येत नाहीये.”

बायको उभी राहिली, फोन तोंडाजवळ नेला आणि पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने.